न घसरणारें खोगीर

‘खोगीरभरती’ हा शब्द आमच्या वाचकांपैकीं कोणीं ऐकला नसेल असें होणार नाहीं. पाठ्यपुस्तकांत निरुपयोगी धडे घातले, समितींत नुसतीं नांवें वाढविलीं किंवा निबंधांत शब्दांचा भरणा केला, कीं आपण सहज म्हणतों, “ही सारी खोगीरभरती!” खोगिरांत वाटेल तें कोंबलें तरी चालतें, अशा समजुतीवर हा शब्द उभा आहे, आणि ज्यांच्या दारीं घोडा नाहीं त्यांस ती समजूत खरीहि वाटते. परंतु ज्यांस स्वतः घोड्यावर बसावयाचें आहे किंवा आपलीं मुलें बसवावयाचीं आहेत, त्यांनीं ती आधीं मनांतून काढून टाकिली पाहिजे. खोगिरांत काय भरलें आहे, तें कसें भरलें आहे आणि कोणत्या पाठीवर चढविलें आहे, ह्या तीन गोष्टींवर स्वाराचीं हाडें व घोड्याची कातडी अवलंबून असते.

मोटारीच्या ह्या काळांत खोगिराचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, घोडा आपल्या प्रांतांतून गेलेला नाहीं. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं आणि पांचगणीच्या पठारावर दर सुटींत शेंकडों मुलें घोड्यावर बसतात. त्यांतलीं पुष्कळ जन्मांत पहिल्यानेंच बसतात. सातारा-सांगलीकडील कांहीं घरांतून आतां मुलांच्या व्यायामाकरितां एखादें तट्टू पाळण्याची हौसहि वाढूं लागली आहे. ह्या हौसेबरोबर परदेशी घडणीचीं मऊ खोगिरें येऊं लागलीं आहेत. त्यांच्या पोटांत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा नसतो, किंवा असला तरी तो लवचीक असतो. ‘हें घोड्यास लागत नाहीं, कोणत्याहि पाठीवर बसतें, आणि घसरत नाहीं’ अशी त्याची ख्याति विकणारा सांगतो. ह्या तीन विधानांपैकीं खरें किती, हें पाहण्याचा आमचा आजचा हेतु आहे.

जुनी वस्तु, नवा अवतार

बिनसांगाड्याचें खोगीर हा कांहीं नवा शोध नव्हे. आपल्याकडे ‘खोगीर’ आणि ‘जीन’ हे दोन शब्द आज एकाच अर्थानें वापरतात. पण मूळचें खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालावयाची जाड भरलेली गादीच होय. शब्द फारसी आहे, व त्याचा अर्थ ‘घाम धरणारें’ असा आहे. म्हणजे ज्यांनीं हें नांव ठेविलें त्यांच्या दृष्टीनें खोगिराचें पहिलें काम स्वारास बसण्यास गादी देणें हें नसून घोड्याचा घाम टिपणें हें होतें. ‘चारजामा’ हा शब्दहि अशाच कापडी, सांगाडा नसलेल्या बैठकीचा वाचक आहे. जीन, तंग, रिकीब, लगाम, दुमची हे सारे शब्द आपण फारशीकडून घेतले आणि इतके आपलेसे केले कीं त्यांचें परकेपण आतां जाणवत नाहीं.

ह्याहून मागें गेलें तर मऊ खोगिराची वंशावळ फारच लांब जाते. अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें बर्फानें गोठलेल्या जुन्या थडग्यांत सुमारें सव्वादोन ते अडीच हजार वर्षांपूर्वींचीं खोगिरें मिळालीं आहेत. तीं म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांस एकेक भरलेली उशी, तिला तंग, छातीवरचा पट्टा आणि शेपटीखालून जाणारी दुमची. चीनच्या पश्चिमेस तुर्फानजवळ यांगहाय येथील एका स्त्रीच्या थडग्यांतहि चामड्याचें असेंच खोगीर सांपडलें; त्याची हकीकत २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत गवताच्या काड्या आणि हरिणाचे व उंटाचे केस भरलेले होते. खोगीरभरती ती हीच, आणि ती करणारे लोक भरणा निवडून करीत होते.

आपल्या मराठी घोडदळाची सारी मदार हलक्या सरंजामावर होती. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचें तो शिलेदार, आणि ज्यास घोडा सरकारी पागेंतून मिळे तो बारगीर. घोडा ही राज्याची दौलत आहे, ही जाणीव तेव्हां किती जागी होती हें पाहावयाचें असेल तर सभासदाची बखर उघडावी. दर पंचवीस घोड्यांमागें एक नालबंद आणि एक पखालजी असावा, असा शिवछत्रपतींचा नियम तींत नमूद आहे. महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहविलेलें पत्रहि प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठीं सांचविलेली वैरण आधींच उधळूं नका, नाहीं तर घोडीं उपाशी मरतील आणि त्यांचें पाप तुमच्या माथीं येईल, असा त्याचा आशय आहे.

साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत थोरल्या बाजीरावाची एक आख्यायिका दिली आहे. बाजीराव प्रथम दृष्टीस पडेल त्या अवस्थेंत त्याचें चित्र काढून आण, असें निजामानें आपल्या चित्रकारास सांगितलें. चित्र आलें तें असें: साध्या शिपायाचा सरंजाम, तोबऱ्यांत अगाडी-पिछाडीचे दोर, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर टेकलेला, आणि पेशवे दोन्ही हातांनीं जोंधळ्याचीं कणसें चोळून खात चालले आहेत. दोन्ही हात मोकळे ठेवून ज्यास असें जातां येतें, त्याची मांड पक्की होती हें तर उघडच आहे. पण त्याच्या खालीं जें कांहीं होतें तें जागचें हलत नव्हतें, हेंहि तितकेंच उघड आहे. सांगलीचें संस्थान १८०१ सालीं मिरजेपासून वेगळें करणारे चिंतामणराव ज्या पटवर्धन घराण्यांतले, तेंहि घोड्याच्या पाठीवरच नांवारूपास आलेलें. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घराण्यांत अशा सरदारांच्या पदरीं राहिलेल्या कारकून-फडणिसांच्या आठवणी असतील. आणि ते कारकूनहि दप्तर बांधून घोड्यावरूनच हिंडत.

खोगीर कां फिरतें?

भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पान कां सडलें, ह्या तीन प्रश्नांचें ‘न फिरविल्यामुळें’ हें एकच उत्तर मुलांना पाठ असतें. ‘खोगीर कां फिरलें?’ हा चौथा प्रश्न त्यांस जोडला, तर त्याचें उत्तर ‘घोड्याची पाठ न पाहिल्यामुळें’ असें द्यावें लागेल. पुष्कळ लोक मात्र उत्तर देतात, ‘तंग सैल राहिल्यामुळें’. आणि सारा उपाय तंग आवळण्यांत आहे असें समजतात.

मिरजेकडील एका वाड्यांत घडलेली गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. अकलूजच्या घोडेबाजारांतून आणलेल्या एका गुटगुटीत तट्टावर त्या घरांतील अकरा वर्षांची मुलगी बसूं लागली. तिच्यासाठीं मुद्दाम बिनसांगाड्याचें मऊ खोगीर मागविलें होतें. तिसऱ्या दिवशीं वळणावर खोगीर डावीकडे फिरलें आणि मुलगी अलगद त्याबरोबर खालीं आली. मोतद्दार जवळ होता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलें. वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं तंग आणखी दोन भोकें आवळला. तट्टू एरव्हीं गरीब. पण तंगास हात लावतांच त्यानें कान मागें टाकून दांत दाखविले.

“हें द्वाड आहे, परत देऊन टाकूं,” वडील म्हणाले.

तेव्हां ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “अरे, माणसाच्या पोटाला असा पट्टा आवळला तर तोहि ओरडेल. द्वाड ठरविण्याआधीं त्याची पाठ तरी बघ.”

म्हाताऱ्या मोतद्दारानें खोगीर उतरविलें आणि पाठीवरून हात फिरवून म्हटलें, “आजीबाई, तंगाचा दोष न्हाई. पाठ पिंपावाणी गोल हाय. पिंपावर गादी ठेवली तर ती फिरणारच.”

त्या एका वाक्यांत ह्या विषयाचें निम्में शास्त्र आहे. घोड्याची आयाळ संपते तेथें, दोन्ही खांद्यांच्या मध्यें, एक उंचवटा असतो. ज्या घोड्याचा हा उंचवटा ठळक असतो त्याच्या पाठीवर खोगीर दोन्ही बाजूंनीं अडकून बसतें. तंग बेताचा असला तरी तें फिरत नाहीं. ज्याचा उंचवटा मांसांत बुडालेला आणि बरगड्यांचा घेर वाटोळा, त्याच्या पाठीवर खोगिरास धरून राहण्यास कांहींच नसतें. दख्खनी तट्टें चांगल्या चाऱ्यावर राहिलीं आणि काम थोडें पडलें कीं अशींच वाटोळीं होतात. शिवाय तोच घोडा वर्षभर एकाच आकाराचा राहत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत हिरव्या चाऱ्यावर जी पाठ भरलेली असते ती चैत्र-वैशाखांत उतरते. दिवाळींत नीट बसलेलें खोगीर होळींत ढिलें झालेलें आढळतें.

दुसरें कारण चढण्याची रीत. आपण घोड्यावर डावीकडून चढतों. जमिनीवरून रिकिबींत पाय घालून सारें वजन डाव्या बाजूस टाकलें कीं खोगीर डावीकडे ओढलें जातें. रोज असें झालें म्हणजे भरणाहि डाव्या बाजूस दबतो आणि खोगीर कायमचें वांकडें होतें. तिसरें कारण स्वार स्वतः. एक रिकीब दुसरीपेक्षां बोटभर लांब असली, किंवा स्वाराला एका कुल्ल्यावर भार देऊन बसण्याची खोड असली, कीं चांगलें खोगीरहि हळूहळू त्या बाजूस सरकतें. चौथें कारण रस्ता. पसरणीच्या घाटासारख्या उतारावर खोगीर पुढें मानेकडे येतें, चढावर मागें जातें. आणि पांचवें कारण घोड्याची युक्ति: तंग बांधतांना पुष्कळ घोडे पोट फुगवितात, आणि दहा पावलें गेल्यावर श्वास सोडतात, मग आवळलेला तंग आपोआप सैल होतो.

सांगाडा असावा कीं नसावा?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सांगाड्याचें काम काय? घोड्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांस लांबट मांसल पट्टे आहेत. भार सोसण्याची जागा तीच. कण्याच्या हाडांवर भार पडतां कामा नये. सांगाडा स्वाराचें वजन ह्या दोन पट्ट्यांवर लांबवर वांटून देतो आणि मध्यें कण्यावर पन्हळीसारखी मोकळी जागा राखतो. शिवाय उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस टेकून तो खोगिरास फिरण्यापासून अडवितो. त्याचा दोष असा कीं तो एकाच आकाराचा असतो. पाठीहून अरुंद असला तर खांद्यांत रुततो, रुंद असला तर खालीं बसून उंचवट्यावर टेकतो. असा सांगाडा घोड्यास रोजचा जाच होतो.

सांगाडा काढून टाकला म्हणजे खांद्यांची हालचाल मोकळी होते, खोगीर पाठीच्या आकाराबरोबर वळतें, आणि स्वारास घोड्याचें प्रत्येक पाऊल अंगाखालीं कळतें. हे गुण खरे आहेत. पण त्याबरोबर दोन गोष्टी जातात. एक म्हणजे भाराची वांटणी. १९१२ सालीं नव्हे, तर अगदीं १०० वर्षांनंतर २०१२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं आठ घोड्यांच्या पाठीवर दाब मोजणाऱ्या चादरी घालून दोन्ही प्रकारचीं खोगिरें ताडून पाहिलीं. सांगाड्याच्या खोगिराखालीं भार अधिक जागेवर पसरलेला आढळला. बिनसांगाड्याच्या खोगिराखालीं तो स्वाराच्या बैठकीखालच्या मधल्या भागांत एकवटला, आणि तेथला सर्वांत मोठा दाबहि अधिक निघाला. दुसरी जाणारी गोष्ट म्हणजे अडकण. उंचवट्यास धरणारें कठीण असें कांहीं उरत नाहीं. तेव्हां वाटोळ्या पाठीवर मऊ खोगीर फिरण्याचा संभव अधिकच असतो. म्हणजे विकणाऱ्याच्या तीन विधानांपैकीं ‘घोड्यास लागत नाहीं’ हें अर्धें खरें, ‘कोणत्याहि पाठीवर बसतें’ हेंहि अर्धें खरें, आणि ‘घसरत नाहीं’ हें पाठ पाहिल्यावांचून बोलण्याजोगें नाहीं.

लवचीक सांगाडा हा मधला मार्ग. हीहि कल्पना जुनीच आहे. वर ज्या १९१२ सालाचा उल्लेख ओघानें आला, त्याच सालीं इंग्रजी फौजेनें असा एक नमुना स्वीकारला होता कीं ज्याच्या लोखंडी कमानी बाजूच्या फळ्यांशीं हलत्या सांध्यानें जोडलेल्या असत, म्हणजे मोहिमेंत घोडा वाळला तरी फळ्या पाठीच्या उतारास टेकून राहाव्यात. त्या खोगिराखालीं घालावयाच्या लोकरी थराला इंग्रज ‘नम्ना’ म्हणतात, तो आपला ‘नमदा’च होय. आज लोखंडाच्या जागीं चामडें किंवा रबरासारखे कृत्रिम पदार्थ आले आहेत. कांहीं खोगिरांत पुढची कमान तेवढी कठीण ठेवून मागचा भाग मऊ ठेवितात; घसरण्याच्या दृष्टीनें हा प्रकार निखळ गादीपेक्षां बरा, कारण उंचवट्यास धरणारें कांहीं तरी शिल्लक राहतें.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. स्वार हलका असेल, तोल साधलेला असेल, फेरी तास-अर्ध्या तासाची असेल आणि घोड्याचा उंचवटा ठळक असेल, तर बिनसांगाड्याचें खोगीर खुशाल घ्यावें. घोडा वाढत्या वयाचा आहे किंवा ऋतूप्रमाणें त्याची पाठ फार बदलते, असें असल्यास लवचीक सांगाडा घ्यावा. परंतु स्वार जड असेल, नवशिका असेल, लांबचा पल्ला असेल किंवा पाठ पिंपासारखी असेल, तर पाठीस नीट बसणारा सांगाडाच हवा. नवशिक्या मुलास मऊ म्हणून मऊ खोगीर देणें ही उलटी गोष्ट आहे. कारण खोगिरास सांवरणारा तोल ज्याच्या अंगीं नाहीं असा स्वार तोच.

वजनाविषयीं एक ठोकळ नियम ध्यानांत धरावा: स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा. तट्टू २५० किलोचें असेल तर ही मर्यादा ५० किलो झाली, आणि तींत खोगिराचेंहि वजन आलें. हा हिशेब केला म्हणजे सुटीच्या ठिकाणीं लहानशा तट्टावर बसून छायाचित्र काढविणाऱ्या कांहीं थोरामोठ्यांनीं पायींच चालणें बरें, हें त्यांचें त्यांनाच कळेल.

घरच्या घरीं परीक्षा

खोगीर घेण्यापूर्वीं घोड्याच्या पाठीचें माप घ्यावें. ह्यास मोठी विद्या लागत नाहीं. हातभर लांबीची मऊ तार घ्यावी, उंचवट्याच्या किंचित् मागें पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनीं अंगाबरोबर दाबावी, अलगद उचलून कागदावर ठेवावी आणि पेन्सिलीनें रेघ काढावी. तशाच दोन रेघा चार-चार बोटें मागें सरकून काढाव्यात. कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा. सहा महिन्यांनीं पुन्हां माप घेतलें म्हणजे पाठ किती बदलली हें डोळ्यांस दिसेल. दुकानांत घोडा नेतां येत नाहीं. हा कागद नेतां येतो.

खोगीर घरीं आल्यावर तें प्रथम घाशाशिवाय, नुसतेंच पाठीवर ठेवावें. मागें स्टुलावर उभें राहून पाहिलें असतां कण्यावर शेवटपर्यंत उजेड दिसला पाहिजे. मऊ खोगिरास ही पन्हळ स्वतःची नसेल तर तिच्या दोन्ही अंगांस जाड पट्ट्या असलेला खास नमदा घेतल्याविना तें वापरूं नये. स्वार बसल्यावर कण्यावर हात घालून पाहावा. खोगिराचा मागचा कांठ शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जातां कामा नये, कारण त्यामागें कण्यास खालून आधार देणाऱ्या बरगड्या नाहींत. तंग पुढच्या पायाच्या कोपरामागें तीन-चार बोटें यावा.

खरी परीक्षा मात्र फेरीनंतर होते. अर्धा तास घोडा चालविल्यावर खोगीर उतरून घामाचा डाग पाहावा. दोन्ही बाजूंस सारखा ओलावा आणि मध्यें कण्यावर कोरडी रेघ, हें उत्तम चिन्ह. ओल्या जागेंत मध्येंच रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला तर तेथें दाब इतका पडला कीं घामहि फुटला नाहीं. केस विस्कटलेले किंवा तुटलेले दिसले तर तेथें खोगीर घासतें आहे. आणि काळ्या-तांबड्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तेथें पूर्वीं जखम झाली होती; मूळ रंगाचे केस तेथें पुन्हां बहुधा येत नाहींत. घोडा विकत घेतांना हे ठिपके मोजावेत. त्यानें कोणाकोणाचें अज्ञान पाठीवर सोसलें आहे त्याचा तो जमाखर्चच असतो.

घोंगडी, पेशबंद आणि दुमची

सातारा-सांगलीच्या वाचकांस एक सोय घरचीच आहे. माणदेशांतल्या धनगरांच्या हातची लोकरी घोंगडी खोगिराखालीं चौपदरी घातली तर तिच्यासारखा घाशा थोडाच मिळेल. लोकर घाम पिते, लवकर निसरडी होत नाहीं आणि घोड्याच्या केसांस धरून राहते. गुळगुळीत कृत्रिम कापडाचा घाशा दिसण्यांत सुबक असतो, पण घामानें भिजला कीं पुष्कळदां खोगिरासकट सरकतो. घोंगडी घालतांना ती थोडी पुढें ठेवून केसांच्या वळणानें मागें ओढावी, आणि उंचवट्यावर बोटानें उचलून पोकळ करावी. मात्र एक चूक टाळावी. खोगीर फिरतें म्हणून घोंगडीवर घोंगडी चढवूं नये. जितकी गादी जाड तितकी पाठ अधिक गोल होते आणि खोगीर अधिकच फिरतें.

चढण्याकरितां ओट्याचा किंवा पायरीचा उपयोग करावा. बिनसांगाड्याच्या खोगिरास तर हा नियम अपवादाविना पाळावा. चढतेवेळीं दुसऱ्यानें उजव्या बाजूची रिकीब दाबून धरावी. तंग एकदम न आवळतां तीन वेळां थोडाथोडा आवळावा: बांधतांना, दहा पावलें चालविल्यावर, आणि स्वार बसल्यावर. तंगाखालीं दोन बोटें सरळ जातील इतकी ढिलाई पुरे. ह्याहून आवळून जें खोगीर राहत नाहीं, तें त्या पाठीचें खोगीर नव्हे.

घाटाच्या वाटेस छातीवरचा पेशबंद आणि शेपटीखालची दुमची लावावी. पहिला खोगिरास मागें जाऊं देत नाहीं, दुसरी पुढें येऊं देत नाहीं. दुमचीचा शेपटीखालचा भाग मऊ व स्वच्छ ठेवावा. तेथली कातडी फार नाजूक असते. परंतु ही दोन्ही साधनें चांगल्या खोगिरास साहाय्य म्हणून आहेत. वाईट खोगीर दोरखंडांनीं बांधून टिकविण्यासाठीं तीं वापरलीं, तर जखमा एका जागेच्या तीन जागीं होतात.

भरण्याची निगा वर्षांतून एकदां तरी घ्यावी. कापूस किंवा लोकर दबून गोळे झाले असतील तर उसवून, पिंजून, उन्हांत वाळवून पुन्हां सारखी भरावी. पावसाळ्यांत ओलें खोगीर कोनाड्यांत टाकून ठेवल्यास त्यास बुरशी येते आणि तीच पुढें घोड्याच्या कातडीस लागते. घरांतील मुलांकडे हें काम सोंपवावें. जो मुलगा खोगीर स्वतः वाळवितो तो त्यावर बसण्यास अधिक लायक होतो. मुलींनाहि हें सारें मुलांप्रमाणेंच शिकवावें. त्यांच्यासाठीं वेगळें मऊ खोगीर आणि सौम्य नियम नकोत. साताऱ्याच्या गादीचा इतिहास ज्या ताराबाईंवांचून लिहितां येत नाहीं, त्यांच्या प्रांतांत हें वेगळें सांगण्याची गरज पडूं नये.

आणखी दोन गोष्टी केवळ जिवाच्या आहेत. डोक्यावर हनुवटीखालीं पट्टा बांधलेलें शिरस्त्राण असल्याविना मुलास घोड्यावर चढवूं नये. आणि पायांत टांच असलेला बूट असावा. चप्पल घालून बसलेल्या मुलाचा पाय रिकिबींत आरपार जातो. मग खोगीर फिरलें तर मूल पडून मोकळें होत नाहीं, लोंबकळत फरफटत जातें. घोड्यावरून पडणें हा अपघात बहुधा मुका मार लागून संपतो. अडकून फरफटणें हा तसा संपत नाहीं.

मिरजेच्या त्या वाड्यांत पुढें काय झालें हें वाचक विचारतील. तट्टू परत गेलें नाहीं. तारेनें पाठीचें माप घेऊन रुंद, बेताच्या सांगाड्याचें एक जुनेंच खोगीर दुरुस्त करून घेतलें, खालीं एक घोंगडी घातली, आणि तट्टाचा दाणा कमी करून त्यास रोज चालविलें. दोन महिन्यांत तंगास हात लावतांना कान मागें टाकण्याची त्याची संवय गेली. मऊ खोगीर घरांत आहेच. मुलीचा तोल पक्का झाला आणि तट्टाची पाठ उतरली म्हणजे तें वापरूं, असें ठरलें आहे.

ह्या उन्हाळ्यांत आमचे पुष्कळ वाचक मुलाबाळांसह महाबळेश्वर-पांचगणीस जातील, आणि तलावाच्या कांठीं मुलें घोड्यासाठीं हट्ट धरतील. हट्ट पुरवावा, त्यांत वाईट कांहीं नाहीं. फक्त भाडें ठरविण्याआधीं घोडेवाल्यास गोडीनें म्हणावें, “दादा, एकदां खोगीर उतरून पाठ दाखवा.” पाठ निरोगी असेल तर तो आनंदानें दाखवील, आणि आपला घोडा चांगला ठेवल्याचें त्यास चार माणसांत चीज झाल्यासारखें वाटेल. पाठ सोललेली असेल तर मुलांस ती दाखवून दुसऱ्या घोड्याकडे वळावें. त्या दिवशींची फेरी पांच मिनिटें उशीरा निघेल. पण निरोगी पाठीच्याच घोड्यास गिऱ्हाईक मिळतें, हें त्या तलावाच्या कांठीं एकदां सर्वांस कळलें, तर पुढच्या सुटींत सोललेल्या पाठी आपोआप कमी दिसतील.